राखणदारालाच धनी करा



पर्यावरण राखावयाचे की विकास साधावयाचा, असा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. या प्रश्नाची मांडणीच सदोष आहे, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या छोट्याशा गोंड गावाने दाखवून दिले.

इंग्रजी राजवटीच्या १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली. परिणामी, पिढ्यान्‌पिढ्या रान राखणाऱ्यांना बांबू विकण्याचा अधिकार उरला नाही; कागद कारखान्यांना मात्र तो दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत राहिला. जे आपले नाही, ते कोणी आणि कशासाठी जपावे?

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडला. हक्काचा कागद द्यावयाचा आणि परवाना दप्तरात अडवावयाचा, हा न्याय नव्हे.

त्यानंतर बांबूविक्रीतून गावात रोजगार आला, ग्रामसभेकडे निधी आला. कारखानदारीला बांबू हवा, ही गरज खोटी नाही. परंतु तो मालकाला रास्त मोल देऊन घ्यावा. उद्याही याच रानावर जगावयाचे आहे, हे जाणणारा मालक व्याज खातो, मुद्दल राखतो.

पर्यावरण आणि अर्थकारण यांचा मेळ अशा मालकीतूनच बसतो. धोरणकर्त्यांनी आरंभ तेथून करावा.