चालतंय तोवरच बदला

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

कॉमर्सची आणि कॉम्प्युटर सायन्सची मुलं एका मांडवात बसलेली मला फार कमी वेळा भेटतात, आणि मला जे सांगायचं आहे ते दोघांनी एकत्र ऐकावं असं आहे.

माझी उमेदीची सगळी वर्षं कारखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळण्यात गेली. दोंडाईचा, नरडाणा, धुळ्याची अवधान एमआयडीसी, जळगाव. कुठे मका, कुठे कापूस, कुठे डाळ, कुठे पाईप. आपल्या भागातल्या बहुतेक कारखान्यांत कॉम्प्युटर आला तो फॉक्सप्रो हा डेटाबेस प्रोग्राम घेऊन. गेटवरची वजनपावती, गोडाऊनचा साठा, बिल, पगार, सगळं त्यातच. ती फार प्रामाणिक कामं होती, हे मी आजही सांगतो. लोडशेडिंगच्या दिवसांत मध्येच वीज गेली की इंडेक्स बिघडायचा, मग रात्री बसून रीइंडेक्स करायचं आणि सकाळी पहिली गाडी गेटवर यायच्या आत पडदा हिरवा करून द्यायचा. त्यातल्या एका डेटा फाईलची, डीबीएफची, मर्यादा दोन जीबी. कारखाना वाढत जायचा, फाईल फुगत जायची आणि कुणाचं लक्ष नसायचं.

मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये जाहीर केलं की व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला. मधे आठ वर्षं होती! त्या आठ वर्षांत मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन जाऊन तेच सांगायचो, आणि उत्तरही तेच यायचं, “चाली ऱ्हायनं ना भाऊ, मंग कसाले बदलानं?”

चालतंय, मग हात कशाला लावायचा! या एका वाक्यानं आपल्याकडच्या धंद्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळानंही केलं नसेल, असं मला कधीकधी वाटतं. बॉयलरची तपासणी दरवर्षी होते, कारण तसा कायदा आहे. नवं मशीन आलं की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पण ज्याच्यावर सगळा हिशेब उभा आहे त्या प्रोग्रामच्या वर्षाच्या मेंटेनन्सचे पैसे द्यायचे म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं. “तुम्ही करता काय? दोन बटणं दाबता.” हे मी मोठमोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

कापसाच्या एका जिनिंग मिलची गोष्ट सांगतो. प्रोग्राम एकाच माणसानं लिहिलेला, सोर्स कोड त्याच्याकडेच. प्रोग्रामची नक्कल होऊ नये म्हणून पॅरलल पोर्टला लावायचा एक डोंगल असे, अंगठ्याएवढा. तो पोर्ट नव्या कॉम्प्युटरला नसतो, म्हणून विंडोज एक्सपीचं जुनं मशीन कापडात गुंडाळल्यासारखं जपलेलं. तो प्रोग्रामर वारला. दोन वर्षं तरीही काही बिघडलं नाही, त्यामुळे कुणी काही केलंही नाही. मग दिवाळीनंतर, ऐन हंगामात, मदरबोर्ड गेला. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या, वजनपावत्या हातानं लिहिणं सुरू, कोणत्या लॉटमध्ये किती गाठी गेल्या याचा मेळ लागेना. मला बोलावलं. मी त्या प्रोग्रामरच्या घरी गेलो. वहिनींनी माळ्यावरून फ्लॉप्यांचा डबा काढून दिला. फ्लॉप्यांना बुरशी लागलेली होती. त्या माउलीनं मला विचारलं, “यांचं काही बाकी होतं का हो?” खरं तर कारखान्याकडेच तिचं बाकी होतं, तीन वर्षांच्या मेंटेनन्सचं. ते मिळवून द्यायला मला हुज्जत घालावी लागली.

बदलायचं तर वेळही बघावी लागते. ती चुकवणारे फक्त खान्देशात असतात असं समजू नका. अमेरिकेतली हर्शी ही चॉकलेटची बलाढ्य कंपनी. २००० साल लागताच जुने प्रोग्राम तारखा चुकवतील या भीतीनं त्यांनी चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायचं ठरवलं आणि १९९९ च्या जुलैत नवी यंत्रणा चालू केली. समोर हॅलोविनचा सण, म्हणजे त्यांच्या विक्रीचा हंगाम. गोदामात माल होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. पेरणी चालू असताना बैल बदलू नये, हे आपल्या शिवारात पोरालाही कळतं. कारखान्यात मात्र १ एप्रिलला नवं सॉफ्टवेअर चालू करायचा आग्रह असतो, कारण आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं. अकाउंटंटला ते सोयीचं आहे. पण पाईपच्या कारखान्याचा एप्रिल-मे हाच जोराचा हंगाम असतो. जिनिंगला मे ते सप्टेंबर मोकळे असतात. तारीख ठरवताना कॅलेंडर नंतर बघा, आधी गेट बघा.

आणि कायदा काही आपल्या सवडीनं येत नाही. जीएसटीची घटनादुरुस्ती २०१६ मध्ये झाली, १ जुलै २०१७ ला कर लागू झाला. कितीतरी प्रोग्रामांत कराचा रकाना एकच होता. त्यात सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी कसे बसवायचे? जूनच्या शेवटच्या आठवड्यात लोकांचे फोन. पुढे १८ जुलै २०२२ पासून डाळीचा कर ब्रँडवर न ठरता पॅकिंगवर आणि २५ किलोच्या मर्यादेवर ठरू लागला. जळगावच्या डाळ मिलवाल्यांना विचारा त्या दिवसांबद्दल. ई-इनव्हॉइस २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झालं आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं, म्हणजे आपल्या नरडाण्यापर्यंत. मग ठिबक संचांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. घोषणा ३ सप्टेंबर २०२५ ची, अंमल २२ सप्टेंबरपासून. १९ दिवस! ज्यांच्याकडे बदलता येणारा प्रोग्राम आणि तो बदलणारा माणूस होता, त्यांनी ते निभावलं.

म्हणून माझं एकच मागणं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. चालू असतानाच बदलायला घ्या. बंद पडण्याच्या दोन-तीन वर्षं आधी. मोठ्या कंपन्या वापरतात त्या सॅप सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, मुख्य आधार २०२७ अखेर संपतोय. तो आधी २०२५ ला संपणार होता. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या तारखा कुणी लपवून ठेवत नाही. त्या भिंतीवर लिहून ठेवायला तुमच्यातलं कुणी तरी हवं.

दुसरा राग माझा आमच्याच धंद्यातल्या लोकांवर आहे. पुण्या-मुंबईचे सल्लागार येतात, एसी केबिनमध्ये स्लाइड दाखवतात आणि गोडाऊनमध्ये पाय न ठेवता परत जातात. मक्याच्या एका कारखान्यात नव्या सॉफ्टवेअरमध्ये वजन होतं, दर होता, पण ओलाव्याची घट टाकायला जागाच नव्हती. किती टक्के मॉइश्चरला किती किलो कापायचं हा सगळा हिशेब स्टोअर सांभाळणाऱ्या आप्पांच्या खिशातल्या डायरीत. आप्पांना कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी शेतकऱ्यांच्या पावत्या चुकल्या आणि गेटवर भांडणं झाली.

मघाशी चहाच्या वेळी बी.कॉम. झालेल्या एका मुलीनं मला विचारलं, “सर, मला कोडिंग येत नाही, मग या कामात माझं काय?” बाळा, अर्ध्याहून जास्त काम तुझंच आहे. एका पाईप कारखान्यात ६३ मिलिमीटरचा एकच पाईप आयटम मास्टरमध्ये अकरा नावांनी होता. कुठे ‘पीव्हीसी ६३’, कुठे ‘६३ एमएम पाईप’, कुठे नुसतं ‘लहान’. ही घाण घेऊन नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेलात तर साठा कधीच जुळत नाही. ती यादी साफ करायला कोडिंग लागत नाही, माल ओळखणारा माणूस लागतो, आणि सहा महिने लागतात. नोकरीला लागलीस की पहिल्या महिन्यात विचार की सोर्स कोड कुणाकडे आहे, बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला, आणि जुने हिशेब कंपनी कायद्याप्रमाणे आठ वर्षं वाचता येतील अशी सोय आहे का. मग मालकाची परवानगी घेऊन तिथल्या आप्पांच्या शेजारी खुर्ची टाकून बस, आणि त्यांची डायरी पानापानानं उतरवून घे, ते निवृत्त व्हायच्या आत.