एका शब्दाचा भार

हैदराबादच्या नारायणगुड्यात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानी दिवसभरात चार भाषा पडतात. घरी मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दख्खनी आणि शाळेत इंग्रजी. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली स्थापन झालेली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था याच वस्तीत आहे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा तेथील अध्यापनाची भाषा उर्दू होती. तरीही इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण या शहरातील अनेक मराठी घरे येथेच राहिली. त्यांच्या मुलांना इंग्रजी हा पुढे पोटापाण्याचाच प्रश्न झाला.

असे हे मूल शब्दांच्या बाबतीत मुळीच भोळे नसते. हिंदीच्या पुस्तकातील ‘शिक्षा’ म्हणजे विद्या, तर घरातील ‘शिक्षा’ म्हणजे छडी, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दख्खनी बोलणाऱ्याचा ‘परसों’ खरोखरच परवाचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे ते बोलण्याच्या ओघावरून बिनचूक ओळखते. एका शब्दाला अनेक अर्थ असणे ही त्याच्या नित्याच्या सवयीची गोष्ट आहे. आणि तरीही इंग्रजी शब्दापुढे तेच मूल अडखळते.

‘चार्ज’ हा शब्द घ्यावा. बॅटरी चार्ज होते, पोलीस लाठीचार्ज करतात, नवा अधिकारी चार्ज घेतो, न्यायालयात चार्जशीट दाखल होते आणि बँक वर्षाकाठी काही चार्जेस कापून घेते. इतके सारे परिचयाचे असताना वर्तमानपत्रात एखाद्या मंत्र्याविषयी ‘चार्ज्ड विथ’ अशी अक्षरे आली की विद्यार्थी चटकन ‘आरोप ठेवला’ असा अर्थ लावतो. वास्तविक त्या मंत्र्यावर पाणीपुरवठ्याची जबाबदारी सोपविलेली असते! एका शब्दाच्या चुकीने निरपराध मनुष्य आरोपी ठरतो आणि उताऱ्यावरील पुढची सारी उत्तरे चुकतात. गुण तर जातातच. परंतु ‘आपल्याला इंग्रजी येणार नाही’ अशी जी समजूत मनात घर करते, तिचे नुकसान गुणांहून मोठे असते.

यावर सामान्यतः सुचविला जाणारा उपाय म्हणजे शब्दकोशातील सर्व अर्थ वहीत उतरवून पाठ करणे. हा उपाय कष्टाचा आहे, पण फळाचा नाही. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे संपादक ‘रन’ या एका क्रियापदाची नव्याने मांडणी करू लागले, तेव्हा २०११ च्या सुमारास त्याच्या अर्थांची संख्या ६४५ भरली. कोणते मूल तेवढे पाठ करील, आणि ऐन वेळी त्यातला नेमका कोणता निवडील?

‘चार्ज’चे मूळ पाहिले म्हणजे दुसरी वाट दिसते. हा शब्द लॅटिनमधील गाडीवाचक शब्दापासून निघाला. मोटारीला म्हणतात तो ‘कार’ हा त्याचाच भाऊबंद. गाडीवर ओझे लादणे हा त्याचा जुना अर्थ. माणसावर कामाचे ओझे लादले की ती जबाबदारी. गुन्ह्याचे लादले की आरोप. पैशांचे लादले की शुल्क. बंदुकीत दारू ठासणे हेही लादणेच. अठराव्या शतकात वीज साठविण्याच्या काचेच्या बरण्यांवर प्रयोग करताना बेंजामिन फ्रँकलिनने त्या ‘चार्ज’ केल्या आणि अशा बरण्यांच्या रांगेला तोफांच्या रांगेचे ‘बॅटरी’ हे नाव दिले. हत्यार रोखून शत्रूवर तुटून पडणे हा अर्थही रणांगणावरचाच. त्यातूनच पुढे लाठीचार्ज आला.

मराठीची वाट तरी कोठे वेगळी आहे? अधिकारी पदभार स्वीकारतो, विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतभार असतो. दोहोंत ‘भार’ एकच. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ वर ठेवणे हाच. विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’ असे छापलेले असते, तेव्हा तेथे कोणी चौकोन किंवा वर्तुळ शोधत नाही. आणि ‘बॅटरी’ला तर मराठी माणसाने हातातल्या विजेच्या दिव्याचा अर्थ स्वतःहूनच बहाल केला.

अर्थात प्रत्येक शब्दाला असे एकच मूळ सापडेल असे नाही. खेळण्याची ‘बॅट’ आणि वटवाघूळ या अर्थाची ‘बॅट’ यांचे नाते काहीच नाही. केवळ उच्चार जुळले आहेत. तेथे ओढूनताणून संबंध जोडू नये. म्हणून मुळापेक्षाही भरवशाचा वाटाड्या म्हणजे शब्दाची संगत. ‘चार्ज्ड विथ’च्या पुढे चोरी आली तर आरोप, कर्तव्य आले तर जबाबदारी. ‘इन चार्ज ऑफ’ म्हटले की माणूस सांभाळणारा असतो. मध्ये एक ‘द’ घालून ‘इन द चार्ज ऑफ’ म्हटले की बहुधा तोच दुसऱ्याच्या सांभाळात जातो.

सर्व अर्थ सारखेच वापरात नसतात, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ढाक्यास अनेक वर्षे शिक्षणकार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. तीत शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, याचेही आकडे दिले आहेत. जो अर्थ वारंवार भेटतो तो आधी, विरळा तो मागाहून, असा क्रम त्यातून शिक्षकाला मिळाला. इंग्रजीच्या अध्यापकांना शिक्षण देण्यासाठी १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था हैदराबादेतच स्थापन झाली. तिचेच आज विद्यापीठ झाले आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना मात्र एवढी विद्वत्ता नसली तरी चालेल. मूल अभ्यास करता करता मान वर करून ‘चार्ज म्हणजे काय?’ असे विचारते. घाईने एक अर्थ सांगून टाकला, तर तोच एक अर्थ ते सर्वत्र लावीत सुटेल आणि पुन्हा फसेल. दहा अर्थ सांगितले, तर ते गांगरेल. त्याला प्रेमाने उलट एवढेच विचारावे, ‘कोणत्या वाक्यात?’ ते वाक्य वाचू लागेल, आणि बहुतेक वेळा वाक्य संपण्यापूर्वी अर्थ त्याचा त्यालाच सापडलेला असेल.