जुन्या वाड्याचा इतिहास कसा शोधावा?

(जुन्या वास्तूंच्या नोंदी या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याच्या जुन्या पेठांतून फेरफटका मारला, तर उंच इमारतींच्या दाटीत एखादा वाडा अजून तग धरून उभा असलेला दिसतो. दगडी जोते, दिंडी असलेला जाड दरवाजा, आत चौक, चौकाभोवती ओसरी आणि माडीच्या तुळईला दिलेले टेकू. हा वाडा केव्हाचा, असे विचारले की बहुधा ‘पेशवेकालीन आहे’ एवढेच उत्तर मिळते. आणखी चौकशी केली, तर वाड्यातून थेट शनिवारवाड्यापर्यंत जाणाऱ्या भुयाराची हकिकत ऐकावयास मिळते. सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवावयाचा, तर पुण्यात जितके वाडे तितकी भुयारे असली पाहिजेत!

आख्यायिका ऐकून घ्यावी, लिहूनही ठेवावी. परंतु ती इतिहास नव्हे. घराचा इतिहास शोधण्याची एक रीत आहे. ती अवघड नाही. चिकाटी मात्र मागते.

प्रथम वास्तू वाचावी

शोधाचा पहिला कागद म्हणजे वाडा स्वतः. कचेरीत जाण्यापूर्वी एक दिवस वाड्यात घालवावा. चौक किती, प्रत्येक बाजूस खण किती, भिंत कोठे दगडाची व कोठे विटांची, हे पाहून साधा नकाशा काढावा. सुरूच्या आकाराचे खांब, लाकडी महिरपी, कडीपाट, देवळ्या, कोनाडे यांची नोंद करावी. परसात हौद असल्यास त्याला पाणी कोठून येत असे, ते विचारावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने शहरात आणले गेले. एखाद्या हौदाचा संबंध त्या नळाशी जुळला, तर वाड्याच्या इतिहासातील एक दुवा हाती लागतो.

येथे घाई करून चालत नाही. घर एकाच वेळी बांधलेले असते, ही समजूत फसवी आहे. छपरावर मंगलोरी कौले दिसली, तर ते छप्पर पेशवाईतील असणे शक्य नाही. कारण मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. कौलावरील छाप पाहिला, तर छपराच्या वयाचा अंदाज येतो. उलट, एखादा सागवानी खांब घरापेक्षाही जुना असू शकतो. पडलेल्या वाड्याचे लाकूड दुसऱ्या वाड्यात वापरण्याची रीत होतीच. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील. पण १८७९ सालच्या आगीत त्याचा दर्शनी भाग जळाला आणि तो पुढे पुन्हा उभारण्यात आला. केवळ दर्शनी भाग पाहून वाड्याचा काळ ठरविणाऱ्याची येथे फसगत होईल.

घरातले कागद, घरातली माणसे

दुसरी पायरी घरातच आहे. माळ्यावरील पेटी, देवघरामागील फडताळ, जुन्या बासनात बांधलेले दप्तर यांत खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, करपावत्या आणि हिशेबाच्या वह्या सापडतात. वाटणीपत्राचे मोल विशेष. भावाभावांत वाटणी होताना कोणाला कोणती खोली, विहिरीवर कोणाचा हक्क, जाण्यायेण्याची वाट कोणती, हे बारकाईने लिहिलेले असते. शंभर वर्षांपूर्वीच्या घराचा नकाशाच त्यातून उभा राहतो. भाडेपावत्याही टाकून देऊ नयेत. मालक एकच राहिला, तरी त्याच्या छपराखाली किती संसार झाले, हे त्या पावत्या सांगतात.

कागदांबरोबर माणसांनाही विचारावे. वाड्यातील वृद्ध आजींना सन आठवणार नाही. पण ‘पानशेतच्या पुराच्या आधी’ की ‘नंतर’, हे त्या अचूक सांगतील. तो पूर १२ जुलै १९६१ चा. नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे त्यात कोसळले आणि पेट्यांतील कागदांचा लगदा झाला. अशा कुटुंबांच्या बाबतीत वृद्धांची आठवण हाच उरलेला पुरावा ठरतो.

कचेरीतील नोंदी

तिसरी पायरी सरकारी कचेऱ्यांची. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, तिच्यावरील फेरफार आणि चौकशी नोंदवही येथून आरंभ करावा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोनवरून नोंदविलेले दस्त मिळतात. त्यानंतर नगरपालिकेची कर आकारणी नोंदवही पाहावी. पुण्याची नगरपालिका १८५७ सालची असून महानगरपालिका १९५० साली अस्तित्वात आली. शोध नेहमी आजच्या नोंदीपासून मागे न्यावा. ‘पूर्वज सरदार होते’ येथून सुरुवात करून पुढे येणाऱ्याची मधली साखळी हमखास तुटते. आजच्या धारकापासून एकेक नाव मागे जाणाऱ्यास मात्र साखळी कोठे तुटली, हे निदान कळते.

दप्तर, मोडी आणि कालगणना

इंग्रजी अमलाच्या मागे जावयाचे, तर पुणे पुरालेखागारातील पेशवे दप्तराकडे वळावे लागते. या दप्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. परंतु छापलेला भाग हा मूळ संग्रहाचा अल्पसा अंश आहे. इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा कागदसंग्रह आहे. मंडळाने ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ या नावाने शहरासंबंधीची जुनी कागदपत्रे प्रसिद्ध केली. शोधकाने प्रथम छापील साधने चाळावीत, मग रुमाल सोडावेत.

येथे तीन अडचणी येतात. पहिली लिपीची. हे कागद मोडीत आहेत. मोडी शिकणे काही महिन्यांचे काम आहे आणि राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे तिचे प्रशिक्षण वर्गही भरविले जातात.

दुसरी अडचण नावांची. आजची गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती. शुक्रवार पेठेचे जुने नाव विसापूर आणि रविवार पेठेचे मलकापूर. मालक बदलला की वाड्याचेही नाव बदलते. नारायण पेठेतील गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी घेतल्यावर केसरीवाडा झाला. एकाच नावाने शोध घेणारा अर्ध्या वाटेवरून रिकाम्या हाताने परततो.

तिसरी अडचण कालगणनेची. शके, सुहूर सन आणि फसली सन या तिन्ही गणना जुन्या कागदांत आढळतात. शकात ७८ किंवा ७९, सुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि फसलीत ५९० किंवा ५९१ मिळविले की इसवी सन येतो. शनिवारवाड्याच्या पायाभरणीचेच उदाहरण घेता येईल. ती झाली शके १६५१ च्या माघ शुद्ध तृतीयेस, शनिवारी. ७८ मिळविले तर १७२९ येतात. परंतु माघ महिना इंग्रजी वर्ष पालटल्यानंतरचा असल्यामुळे येथे ७९ मिळवावे लागतात, आणि १० जानेवारी १७३० ही सर्वपरिचित तारीख मिळते. हीदेखील जुन्या इंग्रजी पंचांगाची. इंग्रजांनी १७५२ साली पंचांग सुधारले. सुधारित गणनेने तो दिवस २१ जानेवारी ठरतो. एका आकड्याच्या चुकीने घराचे वय वर्षाने बदलते आणि बापाचे श्रेय मुलाकडे जाते.

मालकापलीकडचा इतिहास

एवढे सारे कागद जमले, म्हणजे घराचा इतिहास पूर्ण झाला काय? याचे उत्तर बुधवार पेठेतील भिडे वाड्याने दिले आहे.

तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या कार्याबद्दल १८५२ साली जोतीरावांचा सत्कार झाला, तो विश्रामबागवाड्यात. पेशव्याने स्वतःसाठी बांधलेल्या वाड्यात मुलींना शिकविणाऱ्या शिक्षकाचा गौरव व्हावा, ही घटना चौतीस वर्षांत केवढे स्थित्यंतर घडले होते, ते दाखविते.

मिळकत पत्रिका धारकाचे नाव सांगते, क्षेत्र सांगते, फेरफार सांगते. त्या जागेत पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या मुलींविषयी ती काही सांगत नाही. तो इतिहास सरकारी अहवालांत, तत्कालीन वृत्तपत्रांत आणि जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनासारख्या साधनांत शोधावा लागतो. पुण्यातील शिक्षणाचा बराच इतिहास असा वाड्यांच्या आश्रयाने घडला आहे. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल वाड्यातच सुरू झाले आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले वर्ग शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात भरले. वारावर जेवून शिकणारा विद्यार्थी, माडीवर चालणारा छापखाना, देवडीवरचा पहारेकरी, धुण्याभांड्याला येणारी बाई, यांची नावे मालकीच्या कागदांत नसतात. घराचा इतिहास लिहिताना ‘कोणाचे घर’ याबरोबरच ‘या घरात काय घडले’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

भिडे वाड्याची पुढील हकिकत सर्वांना ठाऊक आहे. राष्ट्रीय स्मारकाची मागणी अनेक वर्षे होत राहिली आणि जागेचा वादही अनेक वर्षे न्यायालयात चालला. तोवर वास्तू खचत गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्णय झाला आणि डिसेंबरमध्ये मोडकळीस आलेली वास्तू उतरवून जागा महानगरपालिकेने ताब्यात घेतली. जागेवर स्मारक उभे राहील. परंतु ज्या भिंतींनी ती शाळा पाहिली, त्या आता कोणालाही दाखविता येणार नाहीत. ज्या वाड्याचे महत्त्व साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक होते, त्याची ही गत झाली. ज्यांची कहाणी अद्याप कोणी लिहिलेलीच नाही, त्या वाड्यांचे काय होत असेल, याचा विचार व्हावा.

प्रत्येकाचा वाटा

प्रत्येक वाडा वाचविता येईल, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. टेकूंवर उभ्या असलेल्या घरात पावसाळा काढणाऱ्या कुटुंबाला इतिहासाचा उपदेश करणे योग्यही नाही. त्यांना सुरक्षित घर मिळालेच पाहिजे. मात्र वाडा उतरविण्यापूर्वी त्याची मोजमापे, छायाचित्रे, कागदांच्या प्रती आणि रहिवाशांच्या आठवणी जतन करणे सहज शक्य आहे. त्यासाठी फार खर्च येत नाही. आठ-पंधरा दिवस पुरतात.

हे काम पुण्यापुरते नाही. गावोगावी पाटलाचा वाडा, देशमुखांची गढी, जुनी चावडी, धर्मशाळा आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही तेथील कर आकारणी नोंदवही आहे, आणि २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांतील घरांनाही मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून गावातील एकेका जुन्या घराची नोंद करून घ्यावी. पंचायत सदस्यांनी जुन्या नोंदवह्या रद्दीत जाणार नाहीत, वाळवी-ओलीपासून सुरक्षित राहतील, हे पाहावे. अधिकाऱ्यांनी जुनी नक्कल मागण्यास आलेल्या माणसाला ‘कशाला हवी?’ एवढाच प्रश्न करून परत पाठवू नये. तो कदाचित आपल्या पणजोबाचे घर शोधत असेल, कदाचित एखादी विस्मृत शाळा.

पडलेला वाडा पुन्हा उभा राहत नाही. पडण्याआधी केलेली नोंद मात्र पुढच्या पिढीच्या हाती देता येते.