दोन मैदाने, एक शहर : दिल्लीतील फुटबॉल आणि हॉकीचा प्रेक्षक

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



दिल्ली गेटजवळ आंबेडकर स्टेडियम आहे आणि तिथून फार दूर नाही असे, इंडिया गेटजवळ, मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे राष्ट्रीय क्रीडागार. पहिले फुटबॉलचे, दुसरे हॉकीचे. कॅनॉट प्लेसला लागून असलेले शिवाजी स्टेडियमही हॉकीचेच. मात्र आज ते नाव दिल्लीकरांच्या तोंडी येते ते बहुधा बसचा थांबा म्हणून किंवा विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रोचे स्थानक म्हणून. मैदान पत्त्यापुरते उरले आणि खेळ मागे पडला, असे एखाद्या शहरात का घडते? फुटबॉल आणि हॉकी यांपैकी प्रेक्षकांच्या मनात अधिक स्थान कोणाचे, या वरवर साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना या दुसऱ्या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही.

दिल्लीला प्रेक्षकांचा तोटा कधीच नव्हता. १८८८ साली शिमल्यात सुरू झालेली ड्युरंड फुटबॉल स्पर्धा १९४० मध्ये दिल्लीत आली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला आणि लष्करी गोऱ्या संघांची म्हणून ओळखली जाणारी ही स्पर्धा प्रथमच एका भारतीय संघाने जिंकली. तो सामना ज्या आयर्विन अँफिथिएटरमध्ये झाला, तेच आजचे ध्यानचंद स्टेडियम. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच मैदानावर साहू मेवालाल यांच्या गोलमुळे भारताने इराणला १-० असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. म्हणजे ज्या वास्तूकडे आज हॉकीचे मंदिर म्हणून पाहिले जाते, तिच्या पायऱ्यांनी फुटबॉलचाही जयघोष ऐकलेला आहे. त्या काळचा प्रेक्षक एका खेळाचा दास नव्हता. चांगला सामना आहे, एवढे निमंत्रण त्याला पुरेसे होते.

पुढे याच मैदानाने हॉकीचा सर्वांत कडू दिवसही पाहिला. १ डिसेंबर १९८२ रोजी आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारतावर ७-१ असा विजय मिळवला. दूरदर्शन त्याच वर्षी रंगीत झाले होते, त्यामुळे तो पराभव घरोघरी पोहोचला. पुढच्याच जूनमध्ये लॉर्ड्सवर भारताने क्रिकेटचा विश्वचषक उंचावला. त्याच स्पर्धेत भारतीय महिलांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते, हे मात्र फार थोड्यांच्या स्मरणात राहिले. प्रेक्षकांच्या स्मृतीत पराभव आणि विजय समान मोजमापाने साठत नाहीत, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

आता दोन्ही खेळांच्या स्वभावाकडे पाहावे. फुटबॉलच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, हॉकीच्या चेंडूचा सुमारे २३. पडद्यावर पाहणाऱ्याला पहिला चेंडू सतत दिसतो, दुसरा अनेकदा गोल झाल्यानंतर कळतो. फुटबॉलचे नियम शेजारी बसलेले आजोबा दहा मिनिटांत समजावून सांगू शकतात. हॉकीत चेंडू पायाला लागला, काठी उंचावली, पेनल्टी कॉर्नर मिळाला, अशी शिट्टी वारंवार वाजते आणि नवख्या प्रेक्षकाचा धागा तुटतो. याउलट प्रत्यक्ष मैदानाजवळ बसल्यास हॉकीचा वेग भान हरपायला लावतो. ऑफसाइडचा नियम गेला, खेळाडू कितीही वेळा बदलता येऊ लागले, सामना पंधरा मिनिटांच्या चार भागांत आला. खेळ वेगवान झाला तो यामुळेच.

परंतु मूळ कारण आणखी खोल आहे. प्रेक्षक बहुधा तोच खेळ आवडीने पाहतो, जो त्याने लहानपणी कधीतरी स्वतः खेळलेला असतो. पहाडगंजच्या गल्लीत किंवा करोलबागच्या गच्चीवर कसल्याही चेंडूने फुटबॉल होऊ शकतो. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या दर्जाची हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. ही हिरवळ महाग, तिला पाणी लागते, आणि ती मोजक्याच ठिकाणी असते. शाळेच्या मातीच्या पटांगणातून मोठ्या सामन्यापर्यंत जाणारी वाट तिथे अरुंद झाली. खेळणारी मुले घटली आणि त्यांच्या मागोमाग उद्याचे प्रेक्षकही.

व्यावसायिक लीगांनी ही वाट पुन्हा रुंद करावी, अशी अपेक्षा होती. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली. दिल्ली वेव्हरायडर्सने २०१४ मध्ये ती जिंकलीही. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमधून दिल्ली डायनामोज हा फुटबॉल संघ जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर उतरला. पुढे काय झाले? हॉकीची लीग २०१७ नंतर थांबली. २०१९ मध्ये डायनामोजने बिऱ्हाड भुवनेश्वरला हलवले आणि नावही ओडिशा एफसी असे घेतले. त्याच ओडिशाने २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले आणि २०१८ व २०२३ असे पुरुषांचे दोन विश्वचषक भरवले. २०२४ च्या अखेरीस हॉकी लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांमध्ये दिल्लीच्या नावाचा संघ होता, पण सामने राउरकेलाला झाले. उलट पंजाबच्या नावाचा फुटबॉल संघ घरचे सामने दिल्लीत खेळत राहिला. नाव एका गावाचे, मैदान दुसऱ्या गावाचे! अशा संघावर माया जडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कोणी दिला नाही.

मराठी माणसाला याचे उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिकडे लोटते. तिथे परदेशी खेळाडूंचा झगमगाट लागत नाही. मैदानावर धावणारा मुलगा कोणाच्या घरचा आहे, हे पायरीवर बसलेल्याला ठाऊक असते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघ नेहरू स्टेडियमवर उतरला, त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो अशा वातावरणाचेच फळ. हॉकीतही पुण्याजवळच्या खडकीने धनराज पिल्ले दिला. छावणीच्या त्या वस्तीत काठी घरोघरी होती. ज्या गावात खेळ घरचा असतो, तिथे प्रेक्षक जाहिरात करून जमवावे लागत नाहीत.

मग निकाल काय? रोजच्या पाहण्याचा हिशेब केला तर आज फुटबॉल पुढे आहे. गुरुग्राम आणि नोएडातील मुले मध्यरात्री जागून युरोपातले सामने पाहतात. भावनेचा हिशेब केला तर टोकियो आणि पॅरिसच्या हॉकी कांस्यपदकांनी डोळ्यांत आणलेले पाणी अजून ताजे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीविरुद्ध ध्यानचंद स्टेडियमवर भारताने दुसरा सामना ५-३ असा जिंकला, तेव्हा अनेक वर्षांनी दिल्लीच्या पायऱ्यांवर हॉकीसाठी तो जुना आवाज उठला. मात्र पडद्यावरचे वेड आणि चार वर्षांतून एकदा येणारे अश्रू, या दोहोंवर कोणताही खेळ जगत नाही. तो जगतो साध्या दुपारच्या साध्या सामन्याला येऊन बसणाऱ्या शंभर माणसांवर.

अशा दुपारी दिल्लीत अजून येतात. १९६० पासून चालत आलेली शालेय फुटबॉलची सुब्रतो चषक स्पर्धा आणि शालेय मुलांसाठी भरणारी नेहरू हॉकी स्पर्धा, या दोन्हींनी या शहराला देशभरातील मुले दाखवली. मणिपूर-मिझोरामची, झारखंडची मुले इथे येऊन जीव तोडून खेळतात, आणि समोरच्या पायऱ्या पुष्कळदा रिकाम्या असतात. मार्क नव्हेत, नोकरी नव्हे, फक्त टाळी ही त्यांची त्या दिवसाची कमाई असते, आणि तीही त्यांना पुरती मिळत नाही.

पंचाहत्तरीत आलेल्या शाळेला पटांगणाचे मोल सांगायला नको. ज्यांनी तिथे गुडघे फोडून घेतले, ते आज आजी-आजोबा आहेत, आई-वडील आहेत. येत्या हिवाळ्यात एका रविवारी नातवंडाचे बोट धरून त्यांनी एखाद्या मैदानाच्या पायरीवर जाऊन बसावे. खेळ फुटबॉल असो वा हॉकी. समोर धावणाऱ्या अनोळखी मुलाने मान वर करून पाहिले, तर त्याला तिथे कोणीतरी दिसावे.