मोशी : बाजाराची वाट आणि कारभाराची हद्द



पुणे-नाशिक रस्ता भोसरी सोडून उत्तरेकडे निघाला की इंद्रायणीच्या अलीकडच्या तीरावर मोशी लागते. पूल ओलांडला की चिंबळी, कुरुळी ही गावे. दोन्ही तीर एकाच नदीचे. परंतु अलीकडे हवेली तालुका आणि पलीकडे खेड.

‘हवेली’ हे नाव बोलके आहे. जुन्या राज्यव्यवस्थेत मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला हवेली म्हणत. गावचा कारभार पाटील-कुलकर्णी पाहत, तर कसब्याच्या पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असे. ठाणे आणि बाजार बहुधा शेजारी नांदत. पुढे ही जोडी सर्वत्र टिकली नाही. चाकण कांदा-बटाट्याची मोठी पेठ म्हणून नावारूपास आले. तालुक्याची कचेरी मात्र राजगुरुनगरला. माल एकीकडे न्यायचा आणि दाखला दुसरीकडून आणायचा, हा शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने आणि १ मे १९६२ रोजी सुरू झालेल्या जिल्हा परिषदांनी कारभार गावाच्या उंबरठ्याशी आणला. आठवडे बाजारावर फी बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस मिळाला. रक्कम लहान असेल. पण बाजारातील ओटे, पाणी आणि दिवाबत्ती यांचा विचार ग्रामसभेत होऊ शकला. १९६३ च्या पणन कायद्याने शेतमालाच्या विक्रीचे नियमन बाजार समित्यांकडे सोपविले.

मोशीचा मार्ग मात्र वेगळा ठरला. १९७० साली स्थापन झालेली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९८२ साली महानगरपालिका झाली आणि १९९७ साली मोशी तिच्या हद्दीत आली. ग्रामपंचायत संपली, तिच्याबरोबर ग्रामसभाही. पाणी, रस्ते व घरपट्टी महापालिकेकडे गेली. सात-बारा महसूल खात्याकडेच राहिला. येथील शेतमालाचा उपबाजार पुणे बाजार समितीचा आहे. एकाच गावच्या माणसाला तीन दारे. पलीकडे चिंबळीत ग्रामपंचायत राहिली. तेथील दारे निराळी.

यात कोणाचा दोष शोधण्याचे कारण नाही. नगराच्या सोयी नगराच्या कारभाराशिवाय येत नाहीत. परंतु उभे राहून हिशेब विचारण्याची जी जागा गावाला होती, ती गेल्यावर तिची उणीव भरून काढणे अगत्याचे आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्यांची आणि शहर-ग्राम या दोहोंचे प्रतिनिधी असलेल्या जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली, ती याचसाठी.

नदी ओलांडून विचार करणे शक्य आहे. २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि २०१८ चे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय यांच्या हद्दी खेड तालुक्यातही पोहोचतात. कोणते काम कोणत्या कचेरीत, याचा साधा फलक प्रत्येक बाजारात लागावा. शिक्षकांनी नागरिकशास्त्र शिकविताना तो मुलांकडून वाचून घ्यावा. आणि आपले काम नसले तरी आलेल्या माणसाला योग्य दार दाखविल्याशिवाय अधिकाऱ्याने परत पाठवू नये. भाजीची पाटी घेऊन पूल ओलांडणाऱ्या बाईला हद्द दिसत नाही. ती सांभाळण्याचे ओझे तिच्यावर पडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.