ऊन अन्न आणि जळकी तार

ऊन अन्नाची गोडी कोणास नको असते? भंडारा तर भाताचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यांतील तांदूळ आणि भंडारा शहरांतील पितळेचीं भांडीं यांचें नांव दूरवर गेलेलें आहे. पूर्वीं पंगत मोठी असली कीं भाताचें पातेलें निखाऱ्यांवर ठेवीत आणि झाकणावरही चार निखारे टाकीत. आज मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावरील भोजनगृहांत आणि मंगल कार्यालयांत तें काम विजेची पेटी करते. धंद्यांत तिला ‘बेन मेरी’ म्हणतात. निखारा डोळ्यांस दिसतो, त्याची धग लागते, म्हणून माणूस जपून वागतो. पेटींतील संकट मात्र पत्र्याआड असतें.

पेटीची रचना साधी आहे. तळाशीं पाणी, त्यांत धातूच्या नळींत बसविलेली तापणारी तार, म्हणजे एलेमेंट, पाणी हवें तितकें तापलें कीं प्रवाह तोडणारा थर्मोस्टॅट, आणि या सर्वांस जोडणाऱ्या तारा. वर खणांत अन्नाचीं भांडीं. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलें तर रोगजंतूंची वाढ थांबते, हाच या पेटीचा उपयोग. तींतील दुर्बळ भाग म्हणजे जोडतारा. तारेवरील साधें प्लॅस्टिकचें वेष्टण सामान्यतः ७० अंशांपर्यंतच टिकाव धरतें. रोजची वाफ, तेल, मीठ, ओढाताण आणि उंदीर यांपुढें तें कडक होतें, तडकतें. आंतील तांबें काळें पडतें आणि स्क्रूखालची पकड सैल होते.

येथें थोडें गणित आवश्यक आहे. १५०० वॅटची पेटी २३० व्होल्टवर सुमारें साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. सैल जोडाचा विरोध केवळ अर्धा ओहम झाला, तर त्या एका बिंदूंत सुमारें २१ वॅट उष्णता निर्माण होते. कथलाचा डाख लावण्याचें लहान विजेचें हत्यार २५ वॅटचें असतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या उष्णतेचा अंदाज येईल. आणि अशा वेळीं फ्यूज वितळत नाहीं. कारण जोड सैल झाल्यानें प्रवाह वाढत नाहीं, किंचित् कमीच होतो. म्हणून येथें पहारा ठेवावयाचा तो माणसाच्या नाकाडोळ्यांनीं. जळका वास, तपकिरी पडलेला प्लग, हातास ऊन लागणारी दोरी, या तिन्ही खुणा वेळेवर मिळणाऱ्या सूचना होत.

ऊब देणारीं यंत्रें केवळ स्वयंपाकघरांतच असतात असें नाहीं. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. तेथें असलेल्या १७ अर्भकांपैकीं १० दगावलीं. अर्भकांना ऊब देणाऱ्या एका यंत्रांत ठिणगी पडून ती आग लागली, असें चौकशींत आढळलें. तें यंत्र वेगळें, त्याचें काम वेगळें. तथापि उष्णता, वीज आणि तार एकत्र आलीं कीं हयगयीस जागा उरत नाहीं, हें या जिल्ह्यास कोणी निराळें सांगावयास नको.

आतां दुरुस्तीविषयीं. तारेचीं दोन टोकें पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणें, फ्यूजमध्यें जाड तार घालणें आणि प्लगचा तिसरा पाय काढून टाकणें, या तीन गोष्टींस दुरुस्ती म्हणूं नये. जाणत्या वायरमनची रीत अशी असते. प्रथम कळ बंद करून प्लग काढावयाचा, पेटी निवूं द्यावयाची, पाणी ओतून टाकावयाचें. नंतर काळवंडलेली तार चकचकीत तांबें लागेपर्यंत कापावयाची. ती आंतवर जळली असेल तर सबंध बदलावयाची. एलेमेंटजवळ सिलिकॉन रबराच्या वेष्टणाची तार घालावयाची. ती १८० अंशांपर्यंत टिकते. जळका जोड काढून तेथें चिनी मातीचा बसवावयाचा. पत्र्यांतून तार आंत शिरते तेथें रबराचें कडें हवेंच. भूतार इतर दोन तारांहून किंचित् लांब ठेवावयाची, म्हणजे दोरी ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटीं तुटेल. अखेरीस ५०० व्होल्टच्या मेगरनें पेटीच्या पत्र्याकडे होणारी गळती तपासावयाची आणि मूळ पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारी कळ आहे कीं नाहीं तें पाहावयाचें.

हा सर्व खर्च धंदेवाल्याचा असला तरी शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचाही यांत वांटा आहे. लग्नकार्य ठरवितांना पक्वान्नांच्या यादीवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच बैठकींत पेटीची दोरी व प्लग पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. श्रोत्यांनीं तेवढीं अवश्य खर्चावीं. कारण पंगतींत बसलेल्या पाहुण्याचा हात कोरडा असतो. ओल्या हातानें त्या पेटीचें झाकण दिवसांतून शंभरदां उचलतो तो वाढपी. त्या तारेच्या सर्वांत जवळ तोच असतो, आणि ती बदलावी असें म्हणण्याचा अधिकार बहुधा त्याला नसतो.