रबरी पट्टा आणि बास्केटबॉलचे बळ
(अमरावती येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या नगरीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि जेथून १९३६ साली देशी व्यायामांची प्रात्यक्षिके घेऊन एक पथक थेट बर्लिनला गेले, त्या नगरीत बळ कसे कमवावे हे सांगण्यास उभे राहणे म्हणजे अंमळ धाडसच होय. योगायोग असा की, बर्लिनच्या त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ तेथे जातीने हजर होते, आणि अंतिम सामना उघड्या मैदानात, पावसाच्या चिखलात खेळला जाऊन अमेरिकेने कॅनडावर १९ विरुद्ध ८ अशी मात केली.

जोर, बैठका आणि मुद्गल यांनी घडलेल्या शरीराविषयी मला नितांत आदर आहे. तथापि बास्केटबॉलपटूचा बराचसा खेळ, गुडघे वाकवून प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात आडवे सरकण्यात जातो, आणि या आडव्या हालचालीला विरोध करील असे काही मुद्गलापाशी नाही. वजन नेहमी खालीच ओढते. रबरी पट्टा मात्र जेथे बांधावा तेथून ओढतो. त्याची खरी मातब्बरी एवढ्या एका गुणात आहे, स्वस्ताईत किंवा पिशवीत मावण्यात नव्हे.

दुसरा गुण असा की, पट्टा जसजसा लांबतो तसतसा त्याचा ताण वाढतो. थेराबँड या प्रसिद्ध जातीचा पिवळा पट्टा मूळ लांबीच्या दुप्पट ताणला असता सुमारे १.३ किलोचा जोर मागतो आणि काळा ३.३ किलोचा, परंतु दुसऱ्या कंपनीचा पिवळा तितकाच असेल याची हमी कोणी देत नाही, कारण रंग हा काही सरकारी शिक्का नव्हे. म्हणून दुकानात रंग विचारू नये; हालचालीच्या अगदी शेवटच्या टोकाला, जेथे ताण सर्वाधिक, तेथे पवित्रा न मोडता बारा-पंधरा आवर्तने निभावतात की नाही, हे पाहावे. कंबर वाकू लागली की पट्टा जड झाला असे समजावे, मग पोराचा अभिमान काहीही म्हणो.

आखूड, वर्तुळाकार पट्टा गुडघ्यांच्या किंचित वर चढवून बचावाच्या पवित्र्यात सावकाश आडवे सरकावे. मागचा पाय फरफटू न देता, पट्ट्याने ओढले तरी ताब्यात ठेवून जवळ आणावा. तोच पट्टा बैठकीतही उपयोगी पडतो, कारण त्याच्या आतल्या दिशेच्या ओढीविरुद्ध गुडघे बाहेर राखावे लागतात. उडी मारून उतरताना गुडघे आत वळणे हे या खेळातील गंभीर दुखापतीचे एक मोठे कारण असून मुलींमध्ये हा धोका विशेष असतो. तेव्हा शाळेच्या संघांनी उंच उडण्याआधी नीट उतरणे शिकवावे. लांब पट्टा कमरेभोवती घालून जोडीदाराने मागून धरल्यास पहिल्या दोन-तीन पावलांचा जोम वाढवता येतो. छातीसमोर तो दोन्ही हातांनी फाकवल्यास खांद्यांच्या मागचे, नेहमी उपेक्षित राहणारे स्नायू जागे होतात. मनगटाला पट्टा बांधून नेम मारण्याची टूम मात्र मला पसंत नाही. नेम हा लयीचा विषय आहे आणि खेचलेल्या हाताची लय मैदानावर कामाची नाही.

पट्ट्याने सर्व काही साधते असेही मी म्हणत नाही. झेपेची मूळ ताकद मांड्यांत आणि नितंबांत असते, आणि ती पुरती वाढवण्यास अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली उचललेले वजनच हवे.

आता आपल्या मुलखाचा प्रश्न. नैसर्गिक रबराचे ऊन आणि उष्णता यांच्याशी हाडवैर आहे, आणि अकोल्याचा मे महिना सर्वांच्या परिचयाचा आहे. पत्र्याच्या खोलीत किंवा मैदानाच्या कुंपणावर लटकवून ठेवलेला पट्टा कडक होतो, त्याला बारीक चिरा पडतात, आणि ताणलेला पट्टा तुटला तर तो नेमका तोंडाकडे झेपावतो. म्हणून सरावापूर्वी पट्टा बोटांनी तपासावा, चीर दिसताच बेमुर्वतपणे फेकून द्यावा, गंजलेल्या खांबाच्या धारेला कधीही बांधू नये, आणि एरवी तो सावलीत, कोरड्या जागी ठेवावा. रबराने ज्यांच्या अंगावर पित्त उठते त्यांनी लॅटेक्सविरहित पट्टा मागून घ्यावा.

अमरावती-अकोल्याच्या क्रीडाशिक्षकांना शेवटी एवढीच अर्जी आहे: बारा रंगांचा संच खरेदी करू नका. दोन जोरांचे आखूड आणि दोन जोरांचे लांब पट्टे घ्या, आणि उरलेली रक्कम मुलांच्या चांगल्या बुटांवर खर्च करा.